साडूचा आपोआप लागणारा दिवा

मला मत्सर वाटत नाही. धम्मदीपचं काही चांगलं झालं की मला फक्त दोन दिवस जेवण जात नाही, एवढंच.

धम्मदीप माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या, दीक्षाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. मी हिंगोलीच्या जिल्हा परिषदेत वरिष्ठ लिपिक, तो इथल्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. नोकरी माझी जुनी, लग्न माझं आधीचं, सासरी पहिला मान माझा. पण फ्रीज त्याच्याकडे आधी आला. मोबाईलही आधी आला. मी कर्ज काढून जुनी स्कूटर घेतली, त्या आठवड्यात त्याच्या दारात नवी मोटारसायकल उभी होती. आणि हे सगळं तो मुद्दाम करत नाही, हे जास्त वाईट. मुद्दाम करणाऱ्याशी निदान भांडता येतं.

तर दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात आमच्या सासूबाईंच्या, सोजराबाईंच्या, डोळ्यातला मोतीबिंदू काढला. उन्हाळ्यात डोळ्याला हात लावू नये असं त्यांच्या अख्ख्या हट्टा गावाने सांगितलं होतं. पण पेरणी लागली की वेळ मिळत नाही, म्हणून त्यांनी मे महिनाच धरला. नांदेडच्या डॉक्टरांनी दीड महिना दर आठवड्याला दाखवायला सांगितलं. दोन्ही लेकी हिंगोलीत, तेव्हा मुक्काम इथे हे ठरलेलंच होतं. आणि इथे म्हणजे थोरल्या लेकीकडे, हे मी ठरवलेलं होतं. मी त्यांच्यासाठी बाज नव्या सुंभाने विणून घेतली होती.

नांदेडहून येताना आम्ही धम्मदीपच्या घरी पाच मिनिटं थांबलो. संध्याकाळ झालेली. सासूबाई मागच्या अंगणात पाऊल ठेवतात तोच भिंतीवरचा दिवा लखकन पेटला. बटणाला कोणी हात लावला नव्हता.

"बया! ह्याला कसं कळलं मी आले म्हून?" सासूबाईंनी हिरवी पट्टी सावरत विचारलं.

"सेन्सर हाय आई," धम्मदीप म्हणाला. "माणूस हलला की लागतो, माणूस गेला की विझतो."

सासूबाई दोनदा आत गेल्या, दोनदा बाहेर आल्या. दिवा प्रत्येक वेळी लागला. मग त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मंग मी इथंच ऱ्हाते. रातीबेराती उठावं लागते, कोणाची झोप मोडाचं काम न्हाई."

मी हसलो. काय करणार? बाहेर येऊन स्कूटरला सात लाथा मारल्या, तेव्हा ती सुरू झाली.

वाचकांना वाटेल, सासू साडूकडे राहिली तर जावयाने साखर वाटावी. ते इतरांचं. माझी आई मी चौथीत असताना गेली. त्यानंतर 'जेवलास का रे' असं विचारणारं माणूस मला थेट लग्नानंतरच भेटलं. म्हणून मी सासूबाईंना आई म्हणतो. धम्मदीपही आई म्हणतो. त्याला त्याची स्वतःची आई आहे, तीही चांगली धडधाकट, तरी म्हणतो.

"दहा दिवस इथं, मंग बघू," असं त्यांनी दीक्षाला सांगितलं होतं. त्या 'बघू'वर मी कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकून नांदेडला गेलो आणि तसाच दिवा आणला. तसाच म्हणजे थोडा मोठा.

खोक्यात एक घडीचं माहितीपत्रक होतं. हिंदीत चौदा कलमं, सगळी 'न करें'ने संपणारी. दीक्षा म्हणाली, "अहो, आधी वाचून तर घ्या."

मी त्या कागदाला दोन भोकं पाडली आणि फाईलला लावला. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या दृष्टीने कागद फाईलला लागला की त्यावर कार्यवाही झालेली असते.

आम्ही राहतो जिल्हा परिषदेच्या क्वार्टरमध्ये. जिल्हा नवा, क्वार्टर जुनं. मागे अंगण, अंगणाच्या टोकाला पत्र्याचं संडास-न्हाणीघर आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शेजारी व्यंकटराव. शासकीय भिंतीला छिद्र पाडायचं तर बांधकाम विभागाची ना-हरकत लागते. लोक न विचारता खिळे ठोकतात, मला माहीत आहे. पण मी अर्ज केला, कारण अर्ज आवकला पडला की गोष्ट चार टेबलांवर फिरते आणि चार माणसांना कळते. ती फिरली. विषय मी असा लिहिला होता : 'हालचाल ओळखणारे स्वयंचलित यंत्र बसविणेबाबत.'

जेवणाच्या सुट्टीपर्यंत अशी बातमी पसरली की साहेबांनी प्रत्येक टेबलासमोर यंत्र बसवायचं ठरवलं आहे आणि कोण किती हलतो याची नोंद थेट मुंबईला जाणार आहे. त्यानंतरचे दोन दिवस जिल्हा परिषदेत एकही खुर्ची रिकामी दिसली नाही. माणसं बसल्याबसल्या हात हलवत होती. तीन वर्षं अडकलेली एक विंधन विहीर त्या दोन दिवसांत मार्गी लागली. तिसऱ्या दिवशी संघटनेचे लोक मला घेराव घालायला आले, तेव्हा बांधकाम विभागाच्या हरिचंदने मला सोडवलं.

"घरी लावून राहिले व्हय? आधी सांगाचं न्हाई का, भीमराव!" असं म्हणून त्याने परवानगी काढून दिली. परवानगीत लिहिलं होतं, 'एका छिद्रास मान्यता देण्यात येत आहे.' दिव्याच्या पट्टीला छिद्रं दोन होती.

"दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा," हरिचंद म्हणाला. वायरमन पेमा म्हणाला, "एकच बस झालं. लटकून राहील." मी नियमाने चालणारा माणूस, शासकीय भिंतीला दुसरं छिद्र पाडू दिलं नाही.

दिवा कुठे लावायचा, यावर व्यंकटरावांनी सल्ला दिला. व्यंकटराव पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खाली माणूस पडला असला तरी ते भिंतीवरूनच सल्ला देतात.

"दिवा पश्चिमेकडं तोंड करून लावा. चोर नेहमी उजेडाकडं पाठ करून येतो. आमच्या सर्विसचा अनुभव आहे," ते म्हणाले.

दिवा पश्चिमेकडे तोंड करून लागला. वरून कूलरच्या शेजारी, समोर कपड्यांची दोरी, दोरीमागे दिवसभर तापणारा पत्रा. बल्ब पेमाने दोनशेचा बसवला, कारण धम्मदीपकडे शंभरचा होता. हे शेवटचं मीच सांगितलं होतं, हे कबूल करतो.

दिव्याखाली पांढरा, अर्ध्या लिंबाएवढा घुमट असतो, तो त्याचा डोळा. आमच्या कॉलनीत नवी वस्तू नुसती बघायची पद्धत नाही, हात लावून बघायची. व्यंकटरावांच्या बायकोने, शालूबाईंनी, लोणच्यासाठी कैऱ्या चिरता चिरता येऊन तो अंगठ्याने दाबून बघितला. व्यंकटरावांनी तंबाखू मळलेल्या बोटाने. पेमाने भज्यांच्या तेलकट बोटाने. मी स्वतः कौतुकाने रोज सकाळी दाढी झाली की त्यावरून बोट फिरवत होतो.

सासूबाई यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी चाचणी घेतली. त्रेचाळीस अंशांचा दिवस होता, अंधार पडला तरी भिंती भाकरीच्या तव्यासारख्या पोळत होत्या. मी दिव्यासमोरून चालत गेलो. दिवा लागला नाही. परत आलो. नाही लागला. तेवढ्यात गरम झुळूक आली, दोरीवरची दीक्षाची साडी हलली आणि दिवा लखकन लागला.

"साडीला लागला, तुमाला न्हाई," भिंतीवरून व्यंकटराव म्हणाले. "जोरात हला."

मी हात हलवले. उड्या मारल्या. मग बैठका काढल्या. दिव्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्यासारख्या पन्नाशीला आलेल्या माणसाने बनियनवर अंगणात काय काय करावं याला मर्यादा असतात. त्या सगळ्या मी ओलांडत होतो, तेवढ्यात मागचं दार उघडून धम्मदीप आत आला. उन्हाची तलखी म्हणून डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता.

दिवा लागला.

माझ्या घरचा, मी रजा टाकून आणलेला, ना-हरकत काढून लावलेला दिवा माझ्या साडूसाठी लागला. दोनशेच्या उजेडात मी अर्ध्या बैठकीत होतो आणि त्याच्या पायातले नवे बूट चकाकत होते.

"भाऊ, कवायत करून राहिले का?" त्याने विचारलं. मग वर बघून समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे अंगाच्या गरमीवर चालते. आपलं अंग अन् ही भिंत सारखीच तापली की ह्याला दोन्ही एकच दिसते. माझं डोकं ओलं हाय न्हवं, म्हून कळलं. अन् भाऊ, ह्याच्यासोबत एक कागद येते, तो वाचला का?"

"फाईलला हाय," मी म्हणालो.

स्वतःच्या दिव्याने भिंतीत जमा केलेल्या माणसाला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. आता एक गोष्ट जी कोणाही हिंगोलीकराला आधी सुचायला हवी होती, ती मला सुचली नव्हती. मे महिन्यात घरात कोण झोपतं? त्यात त्या वर्षीचं भारनियमन. आमच्या अंगणात चार बाजा, व्यंकटरावांच्या अंगणात तीन. आणि मी हालचाल ओळखणारा दिवा बरोबर बाजांच्या उशाशी टांगला होता. पहाटे हवा निवल्यावर दिव्याला माणसं दिसायला लागली. कोणी कुशीवर वळलं, दिवा लागला. कोणी डास मारला, लागला. एका स्क्रूवर लटकलेला असल्यामुळे वाऱ्याने तो स्वतःच हलला आणि स्वतःच्याच हलण्यावर लागला. लाईट गेली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. लाईट आली आणि दिवा एक मिनिट विनाकारण जळला, जणू हजेरी देत होता.

डॉक्टरांनी डोळ्यावर झगझगीत उजेड पडू देऊ नका म्हणून बजावलं होतं. सासूबाई रात्रभर काळा चष्मा घालून झोपल्या.

"भीमराव," भिंतीपलीकडून व्यंकटरावांचा आवाज आला, "आमच्या लॉकपमधी बी इतका उजेड नव्हता."

सासूबाई मात्र सकाळी "दिवा तगडा हाय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या त्या समजूतदारपणाने मी खचलो. मी मेन स्विच बंद करून दिव्याची वायरच सोडवली आणि धम्मदीप जिंकला असं मनात धरून गप्प बसलो.

त्यानंतर पहाटे चारला सासूबाईंच्या बाजेची करकर ऐकू आली की मी बॅटरी घेऊन उठायला लागलो. त्यांचा हात धरून अंगणाच्या टोकाला न्यायचं, पाठ करून उभं राहायचं, परत आणायचं. येताना त्या दोन मिनिटं न्हाणीच्या दगडावर टेकायच्या आणि काहीबाही बोलायच्या. हट्ट्याच्या शेताची बांधावरची भांडणं. दीक्षा लहानपणी किती हट्टी होती. एकदा विचारलं, "जवाईबापू, तुमची माय कशी होती दिसायला?" मला इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला नीट आठवतही नव्हतं. तेच सांगितलं. त्या उजाडेपर्यंत दगडावरून उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चला, तुमाला हाफिस हाय."

पाचव्या दिवशी धम्मदीपची बायको साक्षी आईला न्यायला आली, तेव्हा सासूबाई माझ्यासमोर तिला म्हणाल्या, "महिनाभर मी इथंच ऱ्हाते. तुह्या घरी दिवा उठते, इथं माणूस उठते."

त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो आणि मधल्या वेळेत शेवया खाल्ल्या. धम्मदीपला हे वाक्य शब्दशः कळावं म्हणून साक्षीला दारापर्यंत सोडायला गेलो आणि विचारलं, "आई काय म्हणाल्या, ऐकलं न्हवं?"

पण सुख फार दिवस टिकत नाही, विशेषतः बायको शहाणी असली तर. मी दोन दिवस कळमनुरीला तपासणीसाठी गेलो. तेवढ्यात दीक्षाने फाईल काढून माहितीपत्रक वाचलं. पेमाला बोलावलं आणि चौदाही कलमं एकेक करून अमलात आणली. दिवा कूलरपासून आणि बाजांपासून काढून न्हाणीच्या बोळात सावलीच्या बाजूला लावला. दोन स्क्रूंवर! तेही अर्जाशिवाय. दोरी हलवली. बल्ब साठचा घातला. पांढरा डोळा कोरड्या मऊ फडक्याने पुसला.

"रोज चारला उठून तुमचे डोळे आत गेले," ती प्रेमाने म्हणाली. "आता नीट झोपा."

त्या पहाटे बाजेची करकर झाली. मी बॅटरीला हात घातला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "झोपा झोपा," आणि गेल्या. बोळात दिवा लागला. मऊ, पिवळा, बरोबर पायाखाली. त्या गेल्या, आल्या, दिवा विझला. दगडावर कोणी टेकलं नाही. मी बाजेवर पडून आकाश बघत होतो.

आयुष्यात मी साडूवर जळलो, साहेबाच्या पुतण्यावर जळलो, एकदा तर वर्गात माझ्यापुढे नंबर आलेल्या पोरावर तो वारल्याचं कळेपर्यंत जळलो. पण साठच्या बल्बवर जळण्याची पाळी माझ्यावर आली नव्हती. आणि खोटं कशाला सांगू, इतकं मी धम्मदीपवरही कधी जळलो नव्हतो.

सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी ते माहितीपत्रक पहिल्यांदा वाचलं. कलम पहिलं : सेन्सर के काँच को उंगली से स्पर्श न करें. उस पर तेल, ग्रीस आदि का प्रयोग न करें. चांगलं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी स्वयंपाकघरातून शेंगदाण्याचं तेल घेतलं आणि अंगठ्याने, रंगासारखे चांगले दोन हात देऊन, लावून आलो.

दुसऱ्या पहाटे दिवा लागला नाही. मी बॅटरी घेऊन तयारच होतो. सासूबाईंनी बोळाच्या तोंडाशी थांबून नाक वर केलं. डोळा अजून कच्चा असला तरी नाक जागं होतं.

"जवाईबापू, शेंगाच्या तेलाचा वास काहून येऊन राहिला?"

पुरुषाने अशा वेळी काय बोलावं हे चौदा कलमांत नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. "धरा," म्हणाल्या. "पायरी हाय." आणि येताना दगडावर टेकल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

दीक्षाने दोनदा दिव्याचा डोळा पुसला, मी दोनदा तेल लावलं. तिसऱ्या वेळी तिने तेलाची बरणी माझ्या हातात दिली आणि कामाला निघून गेली. महिना असा झाला. हिंगोलीत इतका सुखी उन्हाळा मी दुसरा पाहिलेला नाही.

मग साक्षी रडली, तिला वाईट वाटलं म्हणून शेवटचे आठ दिवस सासूबाई तिकडे गेल्या. मी मोठ्या मनाने पाठवलं. तिकडे दिवा होता, दिवा उठणार होता, माझं काय जाणार होतं? निघताना त्यांचा हात धरून रिक्षात बसवलं आणि धम्मदीपला वडीलकीने सांगितलं, "दिवा तुझा चांगला हाय, काळजी न्हाई."

तिसऱ्या दिवशी दीक्षा बहिणीकडे जाऊन आली. मी जेवायला बसलो होतो.

"कसं काय तिकडं?" मी विचारलं.

"बरं हाय. त्यांचा तो दिवा बिघडला म्हणे. कालपासून लागतच न्हाई. धम्मदीपभाऊ पहाटे उठतात, आईचा हात धरून नेतात. परत आल्यावर दोघं ओसरीवर बसून बोलत बसतात म्हणे, साक्षीला जाग येईपर्यंत." दीक्षाने ताटात भाकरी वाढली. "अन् हो, तिच्या स्वयंपाकघरात शेंगाच्या तेलाच्या बरणीचं तोंड उघडंच पडलेलं होतं."

धम्मदीपची वस्तू बिघडल्याच्या बातमीवर मी आजवर अख्खे दिवस काढले आहेत. फ्रीज बंद पडला तेव्हा मी बर्फाचा गोळा खाल्ला होता. पण ही बातमी ऐकून घास घशाखाली उतरेना.

"अहो, भाकरी गार होऊन राहिली. कुठं निघालात?"

"पेमाकडं," मी चप्पल घालत म्हणालो. "धम्मदीपचा दिवा आजच्या आज दुरुस्त झाला पाहिजे."